लिहू की उभी राहू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय बत्तीस, नोकरी चालू आहे, कथा लिहिता. त्यातल्या काही स्वतः उभं राहून सादर केल्यात आणि लोकांना आवडल्यात. आता एका दैनंदिन मालिकेच्या संवादलेखनासाठी विचारणा आली आहे. घरचे म्हणतात, एक काय ते धर. नाटकवाले तुम्हाला लेखिका समजतात आणि लेखकमंडळी 'त्या कार्यक्रम करतात ना' म्हणतात. तर एकच काही निवडावं का, नोकरी सोडावी का, आणि निमंत्रणपत्रिकेत नावाखाली काय छापायला सांगावं?

मी हे तीस वर्षं करतेय. आकाशवाणीच्या श्रुतिका, दिवाळी अंकातल्या विनोदी कथा, दोन एकपात्री, मालिकांचे संवाद, डबिंग, लोकांच्या सत्कारांची सूत्रसंचालनं, आणि त्यातली पहिली बारा वर्षं शाळेत मराठी शिकवणं. आयोजक माझी ओळख करून देताना 'बहुआयामी व्यक्तिमत्त्व' म्हणतात तेव्हा मी विंगेत दात आवळून उभी असते. आयाम वगैरे काही नाहीत. माझ्याकडे मोजून सात-आठ माणसं आहेत, लहानपणापासून पाहिलेली. त्यांनाच मी वेगवेगळ्या दारांतून आत आणत असते. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर या माणसांपाशीच आहे, त्यामुळे त्यातल्या एकीची ओळख करून देते.

आमच्याकडे एक मावशी यायच्या. त्यांच्यावर मी दिवाळी अंकात लिहिलं होतं: "मावशींनी 'निघते' म्हणणं आणि मावशी निघणं यांत पाऊण तासाचं अंतर असे. या पाऊण तासात पिशवी खांद्याला असे, चपला पायात असत आणि आमच्या तीन पिढ्यांची हजेरी उंबरठ्यावर घेतली जात असे." छापून आलं, पत्रं आली, मी खूश. पुढे एकपात्रीच्या पहिल्या प्रयोगात हेच वाक्य मी जसंच्या तसं म्हटलं. 'पाऊण तास' म्हटल्यावर अर्धं सभागृह हसलं, त्या हशात चपला आणि पिशवी वाहून गेली, आणि 'हजेरी'पाशी, जिथे मला टाळी हवी होती, तिथे शांतता. वाचताना डोळा मागे जाऊ शकतो, कान जात नाही. शिवाय माझं ते वाक्य एका दमात म्हणायचं नव्हतंच, नजरेने चढायचं होतं.

पाचव्या-सहाव्या प्रयोगापर्यंत ते वाक्य गळून पडलं. आता मी उठते, पिशवी खांद्याला लावते, "निघते गं" म्हणते आणि उजव्या पायात चपल घालते. डावी चपल हातात घेते. वाकलेलीच असते तेव्हा आठवतं, "बरं, त्या सुमनचं काय झालं शेवटी?" पुढची नऊ मिनिटं ती चपल हातात असते. तिने दिशा दाखवते, तिने वारा घेते, सुमनच्या सासूबद्दल बोलताना ती आपोआप वर उचलली जाते. पाऊण तास हा शब्द मी उच्चारत नाही. शेवटी चपल खाली ठेवते तेव्हा लोकांना वाटतं, झालं. आणि मी उजवीही काढते. टाळी तिथे येते.

मग आकाशवाणीसाठी तीच मावशी लिहायची वेळ आली. तिथे चपल दिसत नाही आणि आवाजातून ती हातात आहे की पायात हे कळत नाही. दोन दिवस डोकं खाजवल्यावर दाराची कडी सापडली. कडी उघडते, बाहेरचा रस्त्याचा आवाज आत येतो, "बरं, ते राहिलंच", कडी लागते, आवाज बंद. दर वेळी बाहेरचा आवाज थोडा बदलत जातो: दुपारचा भंगारवाला, संध्याकाळी खेळणारी मुलं, शेवटी रातकिडे. पाऊण तासाचा तिथे अख्खा दिवस झाला, पण श्रोत्याला तो पटला. आणि मालिकेत? तिथे दिग्दर्शक म्हणाला, "ताई, एक माणूस दारात उभा, दुसरा समोर उभा, मी कट कुठे घेऊ? बसवा त्यांना सोफ्यावर." मावशी सोफ्यावर बसल्या आणि त्या क्षणी मावशी राहिल्या नाहीत.

हे इतकं लांबवून सांगितलं कारण 'एक काय ते धर' हा सल्ला देणाऱ्यांना वाटतं की लिहिणं हे एक दुकान आणि सादर करणं हे दुसरं, आणि तुम्ही दोन्हीकडे अर्धा-अर्धा वेळ बसता. माझा अनुभव उलट आहे. चपलेची गंमत सापडल्यानंतर मी पुढची जी कथा लिहिली, तिच्यात स्पष्टीकरणाची वाक्यं निम्म्याने कमी होती. उभं राहिल्यामुळे माझं लिहिणं सुधारलं. आणि लिहायची सवय असल्यामुळेच तर पडलेलं वाक्य घरी जाऊन बदलता आलं. नुसता नट असता तर त्याने तेच वाक्य आणखी जोरात म्हटलं असतं.

मराठीत ही परंपरा काही आजची नाही. पु. ल. देशपांडे यांचं उदाहरण तुम्हाला सगळे देत असतील, बहुधा 'ते पु. ल. होते, तुझं काय' अशा सुरात. त्यांच्या कामांची यादी पाहून दडपून जाण्यापेक्षा क्रम पाहा. 1953 च्या 'गुळाचा गणपती'त पटकथा, संगीत, दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका सगळं त्यांचं होतं. एवढं जमलेलं असताना त्यांनी सिनेमा सोडला आणि ते आकाशवाणीत गेले. 'बटाट्याची चाळ' 1958 मध्ये पुस्तक म्हणून आली आणि त्यानंतर साठच्या दशकात ती चाळ त्यांनी एकट्याने रंगमंचावर उभी केली. म्हणजे कागद आधी, देह नंतर, आणि मधल्या काळात रेडिओ, जिथे फक्त आवाजावर माणूस उभा करावा लागतो. मला ही निव्वळ योगायोगाची साखळी वाटत नाही. दिलीप प्रभावळकरांची 'अनुदिनी' आधी सदर होती, मग पुस्तक, आणि त्यावरूनच 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका झाली, ज्यात आबा ते स्वतः होते. औरंगाबादला विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या लक्ष्मण देशपांड्यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' स्वतः लिहिलं आणि त्यातली पन्नासच्या वर पात्रं एकट्याने केली. यांतल्या कोणी दोन दुकानं चालवली असं मला वाटत नाही. माल एकच, तो कुठल्या भांड्यात ओतायचा हे त्यांना कळत होतं.

आता तुमच्या मालिकेकडे येते, कारण तिथे हे गणित बिघडतं.

दैनंदिन मालिकेत कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची आणि संवाद तिसऱ्याचे असं बहुतेक वेळा असतं. अर्ध्या तासाच्या स्लॉटला जाहिराती वगळता साधारण बावीस मिनिटांचा मजकूर लागतो, आठवड्याला सहा दिवस. पटकथा तुमच्याकडे संध्याकाळी येते, संवाद सकाळी सेटवर हवे असतात. दुपारी फोन येतो की अमुक कलाकार आजारी आहे, तिचे दोन सीन दुसऱ्या पात्रावर टाका. म्हणजे सासूने जे बोलायचं ते आता आत्याने बोलायचं. सुरुवातीला तुम्ही आत्यासाठी वेगळी भाषा शोधता. तिसऱ्या महिन्यात नुसतं नाव बदलता. तिथूनच घसरण सुरू होते आणि ती आपल्याला कळत नाही. मी अशी एक मालिका चौदा महिने लिहिली. पैसे वेळेवर आले, घराचा हप्ता फिटला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ती सोडल्यानंतर आठ महिने मला स्वतःसाठी एक ओळ लिहिता आली नाही. जे लिहीन त्यात प्रत्येक माणूस आपल्या मनातलं पूर्ण वाक्यात सांगायचा. खऱ्या आयुष्यात कोण सांगतं?

त्यातून मिळालंही पुष्कळ. मूड लागण्याची वाट न बघता बसायची सवय लागली. सीन कुठे सुरू करायचा हे कळलं (तुम्हाला वाटतं त्याच्या चार वाक्यं पुढे). नटाच्या तोंडात न बसणारं वाक्य कागदावरच ओळखू यायला लागलं. म्हणून करूच नका असं मी म्हणणार नाही. मुदत ठरवून करा, सहा महिने, फार तर वर्ष, आणि त्या काळात महिन्यातून एकदा तरी कुठेतरी उभं राहून स्वतःचं काही सादर करा. वाचनालयात वीस माणसांसमोर केलंत तरी चालेल. कान जिवंत राहण्यासाठी मला दुसरा उपाय सापडलेला नाही.

करारावर सही करण्यापूर्वी मात्र थांबा. इथे मी एकदा ठेच खाल्ली आहे. एका निर्मात्याला मी माझ्या मावशीची पाच पानं मेलवर पाठवली होती, बोलणी तोंडी झाली, पहिल्या वीस भागांचे पैसे मिळाले, मग मतभेद झाले आणि मी बाहेर पडले. मावशी मात्र पुढे दीड वर्ष त्या मालिकेत राहिल्या. नाव बदललं होतं, पिशवी तीच होती. वकिलांनी शांतपणे विचारलं, "कागद कुठे आहे?" शिवाय कायदा कल्पनेला संरक्षण देत नाही, ती ज्या शब्दांत मांडली त्या मजकुराला देतो. 'निघता न येणारी मावशी' ही कल्पना कुणीही वापरू शकतो.

काही गोष्टी तेव्हा मला ठाऊक असत्या तर बरं झालं असतं. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतंत्रपणे लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक लेखकच असतो, आणि हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. पण तुम्ही पगारी नोकर म्हणून, नोकरीचं काम म्हणून लिहिलं असेल तर मालक कंपनी, वेगळं काही ठरलं नसेल तर. त्यामुळे करारात तुम्ही पगारी आहात की स्वतंत्र लेखिका, हे शब्द नीट वाचा. हक्क दुसऱ्याला देणं लेखी आणि सहीनिशीच व्हावं लागतं. किती काळासाठी दिले हे लिहिलेलं नसेल तर पाच वर्षं धरली जातात आणि कुठल्या प्रदेशासाठी हे लिहिलेलं नसेल तर भारत. म्हणूनच छापील करारांत 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण विश्वात' असे शब्द असतात. विश्वात हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा हसले होते, तो विनोद नाही. त्यावर 'रंगमंचीय सादरीकरणाचे आणि पुस्तकाचे हक्क लेखिकेकडे राहतील' एवढी एक ओळ घालून घ्या. मालिकावाल्यांना रंगमंचाचं फारसं पडलेलं नसतं, बहुतेक वेळा ते घालू देतात. आणि तुमच्या त्या कथांमधली माणसं या मालिकेत नेऊ नका. त्यांच्यासाठी नवी माणसं घडवा.

एकपात्री तिकीट लावून करणार असाल तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून घ्यावी लागते. तो वेळ हाताशी धरून तारखा घ्या.

नोकरीचं उत्तर सोपं आहे: आत्ता सोडू नका. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये पुण्यात 'शाकुंतल' उभं केलं तेव्हा ते महसूल खात्याच्या नोकरीत होते. दुसऱ्या बाजूला अण्णा भाऊ साठे आहेत. 1944 च्या लाल बावटा कलापथकापासून पोवाडे, लावण्या, लोकनाट्यं, पुढे 'फकिरा'सारख्या कादंबऱ्या, हजारोंच्या सभा गाजवणारा माणूस, आणि राहायला घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत. नाव आणि पैसा हे वेगवेगळ्या गाड्यांनी येतात. एक वेळेवर आली म्हणून दुसरीची वाट फलाटावर उभं राहून बघू नये.

पण नोकरी किती दिवस सांभाळता येईल हे पाहायला एक वर्षाचं चक्र समजून घ्या, ते कुणी सांगत नाही. दिवाळी अंकांचा मजकूर उन्हाळ्याच्या शेवटापासून पावसाळ्यापर्यंत मागितला जातो. गणपतीत मंडळांचे आणि सोसायट्यांचे कार्यक्रम. दिवाळी पहाट हल्ली गाण्यांचीच असते, आपल्याला तिथे निवेदनापुरतं बोलावतात. मग हिवाळ्यात कॉलेजांची गॅदरिंग, त्याच्या आगेमागे गावोगावच्या व्याख्यानमाला, आणि पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेसारख्या काही उन्हाळ्यात. मार्चमध्ये महिला दिन, त्या आठवड्यात मला पाच ठिकाणची बोलावणी असतात आणि एप्रिलमध्ये एकही नाही. जून-जुलै रिकामे. मी ते रिकामे महिने आधी भीतीत घालवायचे, आता लिहिण्यासाठी ठेवते. नोकरीतली रजा या चक्राप्रमाणे वाटा. रजा अपुरी पडायला लागली आणि सलग दोन वर्षं तसंच झालं, की मग सोडण्याचा विचार करा. मी तसंच केलं.

पैशाची दोन रूपं लक्षात ठेवा. संस्थेने ठरावीक मानधनावर बोलावलेला कार्यक्रम, ज्यात सभागृह भरो न भरो तुमची रक्कम ठरलेली. आणि स्वतः तारीख घेऊन तिकीट लावलेला प्रयोग, ज्यात भाडं, जाहिरात, प्रकाश, ध्वनी, टेम्पो सगळं तुमच्या अंगावर. दुसऱ्याची हौस पहिल्याच्या पैशातून भागवायची, कर्ज काढून नाही. मानधनातून दहा टक्के टीडीएस कापला जातो. तो आयकर खात्यात तुमच्या नावावर जमा झालेला दिसतो का हे वर्षातून दोनदा बघा, कारण कापणारे सगळेच भरतात असं नाही. आणि प्रवासखर्च मानधनापेक्षा वेगळा, हे फोनवरच सांगायचं. नंतर सांगितलं की भिकेची झोळी पुढे केल्यासारखं वाटतं. मला अजूनही वाटतं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत: विसरणं. एकपात्रीत प्रॉम्प्टर नसतो आणि समोर सावरून घेणारा नटही नसतो. एका तालुक्याच्या गावी भर प्रयोगात सुमनच्या सासूचं नाव गेलं. पूर्ण कोरी. हातात चपल. मी चपलेकडे बघत राहिले. लोकांना वाटलं मावशीच विसरल्या, आणि हसले. तेवढ्या वेळात नाव आलं नाहीच, म्हणून मावशी म्हणाल्या, "जाऊ दे, तिचं नाव घेतलं की मला पित्त होतं." ते वाक्य आता संहितेत आहे. स्वतः लिहिलेलं स्वतः करण्याचा हाच फायदा, दुसऱ्याच्या संहितेत मला असं काही घालण्याचा अधिकार नव्हता. तरी पाठांतर चोख ठेवा. रोज एकदा, चालता चालता, हातवारे न करता, भरभर म्हणून काढायचं. हावभावांसकट पाठ केलं की एक हावभाव चुकल्यावर पुढचं सगळं जातं.

राहिला प्रश्न नावाखाली काय छापायचं याचा. मी वर्षानुवर्षं 'लेखिका आणि अभिनेत्री' लिहून पाठवत होते. एकदा एका गावी पोचले तर फ्लेक्सवर माझा फोटो आणि खाली 'सुप्रसिद्ध कीर्तनकार'. छापणाऱ्याला एकटी बाई, एकटीच बोलणार, तासभर, म्हटल्यावर दुसरं काही सुचलं नसावं. पहिल्या रांगेत आजीबाई टाळ घेऊन आल्या होत्या. मी मावशी सुरू केली. चपल हातात आली तशी त्यांनी टाळ मांडीवर ठेवले, आणि सुमनच्या सासूपाशी पोचले तेव्हा त्या शेजारणीला सांगत होत्या, "अगं, ही आपल्या सुशीलेचीच गोष्ट आहे." तेव्हापासून मी नावाखाली काही पाठवत नाही. फक्त कार्यक्रमाचं नाव पाठवते, मोठ्या अक्षरात टाइप करून, आणि आदल्या दिवशी फ्लेक्सचा फोटो मागवून घेते.